सेबेन सुरू व्हायच्या आधी: नागपुरात काँगोच्या संगीत-नृत्याचा सामाजिक कार्यक्रम कसा बसवावा

आधी नाच आणि शेवटी 'दोन शब्द' असा कार्यक्रम आखला, की ते दोन शब्द खुर्च्यांनाच ऐकवावे लागतात. घामाघूम पोरं पाण्याच्या जारकडे पळतात, बाया चपला शोधतात आणि माईकवरचा माणूस 'कृपया बसून घ्या' म्हणत राहतो. काँगोच्या गाणाऱ्यांनी हा गुंता केव्हाच सोडवून ठेवला आहे. रुंबा म्हणजे त्यांचं लोकप्रिय नाच-संगीत, आणि तिचं गाणं बहुतेकदा दोन भागांत चालतं. आधी संथ भाग, त्यात गोष्ट, तक्रार, प्रेम, सल्ला, म्हणजे शब्द असतात. मग वळण येतं, गिटारी एकमेकींत गुंफायला लागतात, ड्रमची चाल बदलते आणि नाचायचा भाग सुरू होतो. त्याला सेबेन म्हणतात. सेबेनमध्ये लांब ओळी कोणी गात नाही. तिथे अतालाकू नावाचा माणूस माईकवर आरोळ्या देतो आणि लोक त्यावर नाचतात.

तुमचा कार्यक्रमही असाच बसवा. विचार संथ भागात मांडा, कृतीची हाक सेबेनच्या तोंडाशी द्या आणि नाच शेवटी ठेवा. खालची सगळी तयारी या एका जोडासाठी आहे.

आधी थोडं काँगोबद्दल

काँगो नावाचे देश दोन. एक काँगो लोकशाही प्रजासत्ताक, राजधानी किन्शासा. दुसरा काँगो प्रजासत्ताक, राजधानी ब्राझाविल. मध्ये काँगो नदी आहे आणि दोन्ही राजधान्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. रुंबा दोघांचीही. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने ती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा प्रस्तावही दोघांनी मिळून दिला होता. पोस्टरवर नुसतं 'आफ्रिकन डान्स' लिहू नका. 'दक्षिण आशियाई नाच' म्हणून कोणी लावणी दाखवली तर आपल्याला कसं वाटेल, तसंच ते आहे.

एका काँगोतही सगळे रुंबाच नाचत नाहीत. किन्शासाकडे गाण्याची भाषा मुख्यतः लिंगाला. पूर्वेला गोमा, बुकावूकडे स्वाहिली. कसाई भागातल्या लुबा लोकांचा मुतुआशी हा कमरेचा वेगळाच नाच आहे आणि तो दूरवर नेला गायिका त्शाला मुआनाने. क्वासा-क्वासा हा नाच १९८०च्या दशकात गाजला, न्दोम्बोलो १९९०च्या. पाहुणा कलाकार कुठला आहे ते आधी विचारा आणि त्याच्या भागातलं शिकवायला सांगा. गोमाच्या माणसाकडून किन्शासाच्या स्टेप मागणं म्हणजे गडचिरोलीच्या पोराला कोळीनृत्य शिकव म्हणण्यासारखं.

या संगीताचं समाजाशी नातं जुनं आहे, पण ते सरळ नाही. जानेवारी १९६० मध्ये ब्रुसेल्सला किन्शासाच्या काँगोच्या, बेल्जियमपासून स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू होत्या. तिथेच जोसेफ काबासेले यांच्या आफ्रिकन जॅझ या वाद्यवृंदाने 'अँदेपाँदाँस चा चा' (स्वातंत्र्य चा चा) हे गाणं बांधलं. त्यात वेगवेगळ्या पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं एकत्र गुंफली होती. ३० जून १९६० ला देश स्वतंत्र झाला. ही एक बाजू. दुसरी बाजू त्याच देशाचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीची. तेव्हा सरकारी गुणगान करणारी नाच-गाण्याची पथकंच उभी केली गेली. फ्रँको लुआम्बो मकियादी हा रुंबाचा फार मोठा गिटारवादक. त्याने १९८४ मध्ये मोबुटूच्या प्रचाराचं गाणं केलं आणि १९८७ मध्ये एड्सपासून सावध राहा सांगणारं 'अतांस्याँ ना सिदा'ही केलं. माणूस तोच आणि गिटारही तीच. नुसतं संगीत आणलं म्हणजे समाज बदलतो असं धरून चालू नका. कोण बोलतोय, कोणासाठी, आणि पैसे कोणी दिले, हे ठरल्यावरच त्याला दिशा मिळते.

विषय एकच, मागणी एकच

'पर्यावरण', 'महिला सक्षमीकरण', 'एकता' हे विषय बॅनरला चालतात, कार्यक्रमाला पुरत नाहीत. सेबेनच्या तोंडाशी जी हाक द्यायची, ती लोकांनी तीन आठवड्यांत करून दाखवावी अशी हवी. शिवाय तिचा काँगोशी खरा धागा हवा. नाहीतर हीच हाक ढोल-ताशावरही देता आली असती.

चांगले धागे आहेत. स्टाफ बेंदा बिलीली हा किन्शासाचा वाद्यवृंद. पोलिओने पाय गेलेले गायक-वादक, हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्या, आणि सराव प्राणिसंग्रहालयाच्या आवारात. त्यांचं 'पोलिओ' हे गाणं आईबापांना सांगतं, पोराला लस द्या. लसीकरण किंवा अपंगांना जायला-यायला मोकळी वाट, यासाठी हा धागा घट्ट आहे. अट एकच. हॉलला रॅम्प नसेल तर हा विषय घेऊ नका.

इथे नमुना म्हणून दुसरा विषय घेऊ, कारण तो नागपुरातल्या प्रत्येक घरात आहे: खणात पडलेले जुने मोबाइल. लिथियम-आयन बॅटऱ्यांमध्ये बऱ्याचदा कोबाल्ट असतो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांशांहून जास्त काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि त्याचं मोठं केंद्र तिथल्या कोलवेझी शहराच्या आसपास आहे. तिथे मोठ्या यांत्रिक खाणी आहेत, तसंच हाताने खणणारे लोकही आहेत. त्यांत मुलंही सापडली आहेत. मागणी एकच: घरातला बंद फोन आणा, तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल. 'तुमच्या एका फोनने काँगोतलं पोर खाणीतून बाहेर येईल' असं मात्र म्हणू नका. ते खरं नाही, आणि पहिला हुशार प्रेक्षक ते तिथेच पकडतो. 'ज्या धातूसाठी तिथे माणसं राबतात, तो आपण खणात कुजवत ठेवतो' एवढंच बोला. एवढंही पुरेसं टोचतं.

एका विषयाला हात लावू नका, तो म्हणजे पूर्व काँगोच्या युद्धातला लैंगिक अत्याचार. बुकावूच्या पांझी रुग्णालयाचे डॉक्टर डेनिस मुकवेगे यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. तिथे उपचाराचा भाग म्हणून पीडित स्त्रिया स्वतः गाणी रचतात आणि रेकॉर्ड करतात. ती गाणी त्यांची आहेत. गॅदरिंगच्या स्टेजवर आपण त्यावर नाच बसवणं कोणत्याच बाजूने शोभत नाही.

पाहुणे, कागद आणि तारीख

काँगोचा माणूस नसेल तर हा कार्यक्रम 'व्हिडिओ बघून बसवलेला डान्स' होतो. नागपुरात कोणी भेटलं तर उत्तम, नाहीतर पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथे आफ्रिकी विद्यार्थी जास्त आहेत. विद्यार्थी व्हिसावर नोकरी किंवा कमाईचं काम करता येत नाही. मानधन द्यायचं असेल तर आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात लेखी विचारा, नंतर धावपळ नको. पाहुण्याला कोणाच्या घरी उतरवलं, तरी २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन पोलिसांना द्यावी लागते. हॉटेलवाले हे आपोआप करतात. घरचे यजमान विसरतात आणि भोगतो बिचारा पाहुणा. थेट काँगोहून कोणी येणार असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. नसेल तर विमानतळावरून विलगीकरणात नेतात, मुक्काम सहा दिवसांपर्यंत. तिकीट काढायच्या आधी प्रमाणपत्राचा फोटो मागवा.

प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर ऑनलाइनही चालतं. किन्शासाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, पूर्वेकडच्या गोमा-लुबुंबाशी शहरांचं साडेतीन तास. नागपूरला संध्याकाळचे पाच, तर किन्शासात दुपारचे साडेबारा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून एकत्र वाजवता येत नाही. आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल फाटतो. शिकवणाऱ्याने रेकॉर्डिंग आधी पाठवावं, इथे ते हॉलच्या स्पीकरवर लावावं, आणि कॉल फक्त बघण्या-सुधारण्यासाठी ठेवावा.

तारीख ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात बंद हॉलमध्ये चाळीस माणसं नाचवाल तर दोघं-तिघं चक्कर येऊन पडतीलच. दसऱ्याच्या आसपास टाळा. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते आणि नवरात्रामुळे शहरातले चांगले साउंडवाले आधीच बुक असतात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असेल तर पोलिस बंदोबस्तात असतात, लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज टेबलावरच राहतो. त्या महिन्यातलाच कार्यक्रम असेल तर अर्ज तीन आठवडे आधी टाका. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे मैदानात सेबेन वाजवायचा विचारच सोडा. हॉल घ्या. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर हा शांतता परिसर जाहीर झालेला असू शकतो, हे हॉल ठरवायच्या आधीच मोजा.

रेकॉर्ड केलेलं गाणं जाहीर कार्यक्रमात वाजवायचं तर शब्द-संगीताच्या हक्कासाठी आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगच्या हक्कासाठी पीपीएलसारखी संस्था, अशा दोन वेगळ्या बाबी असतात. गाण्यांची यादी आधी पाठवून कोणतं कोणाकडे ते विचारून घ्या. काँगोच्या चालीवर मराठी शब्द बसवून गायचं असेल तर मूळ हक्कदाराची परवानगी हवी. शैली मात्र कोणाच्या मालकीची नसते. सेबेनच्या धाटणीचं स्वतःचं काही बांधलं तर अडचण येत नाही, आणि पुढे आपण तेच करणार आहोत.

सोळा खणांत पाच टाळ्या

१९३० आणि ४०च्या दशकांत क्युबाच्या संगीताच्या तबकड्या काँगोत पोहोचल्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा ताल समुद्रापलीकडे फिरून घरी परत आला होता. त्याचा कणा म्हणजे क्लावे. फळ्यावर सोळा चौकोन काढा, एका ओळीत. १, ४, ७, ११ आणि १३ यांवर फुली मारा. फुलीवर टाळी. झाला क्लावे.

नागपुरात हे शिकवताना ठरलेली एक अडचण येते. सोळा म्हटलं की ढोलकी-तबलावाला तीनताल धरतो आणि त्याचे विभाग १, ५, ९, १३ वर सुरू होतात. क्लावेशी त्यातले फक्त १ आणि १३ जुळतात. मधल्या तीन टाळ्या त्याला चुकल्यासारख्या वाटतात, म्हणून तो नकळत त्या सरकवून ५ आणि ९ जवळ आणतो. ताल सरळ झाला, की नाच मेला. यावर उपाय म्हणजे तीनताल काढून घ्यायचा नाही, तो पायांना द्यायचा. पाय १, ५, ९, १३ वर जागच्या जागी चालवा आणि हात क्लावेवर. पायांच्या चार ठोक्यांत एक आवर्तन होतं. मेट्रोनोम (सारखे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ८० पायठोक्यांवर लावा. पाच मिनिटं न चुकता झालं की १००, मग १२०. पहिल्या पंधरा मिनिटांत निम्म्यांचे हात-पाय एकत्र पडणारच, त्याची काळजी करू नका. ज्यांना अजिबात जमत नाही त्यांना आधी नुसते पाय करू द्या आणि दोन रांगा समोरासमोर उभ्या करा: एक रांग पायांची, एक टाळ्यांची. मग अदलाबदल.

आता याच खणांत हाक बसवायची. पाच टाळ्या म्हणजे पाच अक्षरघाव:

जु – ना – फोन – का – ढा

'जु' १ वर, 'ना' ४ वर, 'फोन' ७ वर, 'का' ११ वर, 'ढा' १३ वर. ७ आणि ११ च्या मधे मोठी फट आहे. 'जुना फोन' म्हटल्यावर तिथे श्वास पडतो आणि मग 'काढा' दणकन बसतं. (कोरोनातला काढा आठवून लोक हसतात. हसू द्या, लक्षात राहतं.) याउलट 'मोबाइल कचऱ्यात टाकू नका' म्हणून बघा. पाच घावांत मावत नाही, लोक पळत पळत म्हणतात आणि गोंगाटात 'नका' बुडून नुसतं 'टाकू' ऐकू येतं. हाक नकारात ठेवू नये ती म्हणूनच.

अतालाकूची ही कल्पना नागपूरकराला समजावून सांगायची गरज पडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा रस्त्यावरचा माणूस 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडतो आणि मागून बडगे, म्हणजे पुतळे, येतात, त्या वर्षीच्या महागाईला, पुढाऱ्यांना टोमणे मारत. आरोळी, चाल आणि टोमणा एकत्र. कार्यशाळेत अतालाकूसाठी माणूस शोधताना चांगला गळा बघू नका, मारबतीत ओरडणारा शोधा.

अतालाकूचा एक धोकाही काँगोतूनच शिकण्यासारखा आहे. तिथे गाण्यात पैसेवाल्यांची नावं पुकारायची पद्धत पडली. तिला 'मबांगा' म्हणतात, म्हणजे दगड. नाव 'फेकायचं' आणि बिदागी घ्यायची. आपल्याकडे हे काम फ्लेक्स करतो. प्रायोजक भाऊ म्हणणार, 'त्या नाचाच्या टायमाला माझंबी नाव घ्या ना बे.' पैसे घेण्याआधीच ठरवा: प्रायोजकाचं नाव दारावर आणि पत्रिकेवर. सेबेनमध्ये फक्त हाक.

कमरेच्या आधी गुडघे

दर माणशी दीड मीटर बाय दीड मीटर जागा लागते. चाळीस जणांना सुमारे हजार चौरस फूट मोकळी फरशी हवी, खुर्च्या सोडून. गुळगुळीत टाइलवर मोजे नको, अनवाणी किंवा रबरी तळाचे बूट.

दहा मिनिटं घोटे, गुडघे, कंबर मोकळी करा. मग पाय खांद्याइतके फाकवून गुडघे वाकवा, जणू स्टूल मागे आहे आणि बसायचं अर्ध्यावर राहिलंय. याच उंचीवर जागच्या जागी चालणं, चार मिनिटं. इथे लेझीम खेळलेल्यांची फजिती होते. लेझमीचं अंग वर उसळतं, इथे वजन खाली जमिनीत जातं. लावणी येणाऱ्यांची कंबर तयार असते, पण ती ठसक्यात तुटक मारते. इथे तिला मधे थांबायचं नसतं. रेला किंवा ढेमसा नाचलेले गोंड, कोलाम मुलंमुली असतील तर त्यांना पुढच्या रांगेत घ्या. जमिनीला धरून सगळ्यांनी एका लयीत चालणं त्यांच्या पायात आधीच असतं.

क्वासा-क्वासात कंबर पुढे-मागे जाते आणि हात कमरेच्या मागोमाग जातात. आधी नुसती कंबर, हात मांड्यांवर ठेवून. मग हात सोडा. नवखे लोक उलटं करतात: हात आधी हलवतात आणि गुडघे ताठ ठेवून कंबरेला झटके देतात. पाठ दुखते ती यानेच. कोणाचा गुडघा कुरकुरला की त्याला टाळ्यांच्या रांगेत पाठवा, हट्ट नको. चाळीस मिनिटांत तीन हालचाली आणि त्यांची एक साखळी पुष्कळ झाली. पाहुणा दहा दाखवेल, त्याला आधीच तीनवर थांबायची विनंती करा.

कमरेचा नाच आहे म्हणून मोबाइलचा नियम आधी सांगा. शिकायच्या वेळात एकही व्हिडिओ नाही. शेवटच्या पाच मिनिटांत, ज्यांना चालतं त्यांनी उजवीकडे उभं राहायचं, चित्रीकरण फक्त त्या बाजूचं. हे केलं नाही तर एका मुलीचा आठ सेकंदांचा तुकडा रात्रीच्या आत कुठल्या तरी ग्रुपवर घाणेरड्या ओळीसह फिरतो आणि पुढच्या वेळी वस्तीतली एकही मुलगी येत नाही.

कपड्यांच्या दुकानातून बिबट्याच्या ठिपक्यांचे स्कर्ट आणि तोंडाला फासायचा काळा रंग कोणी सुचवला तर जागीच नाही म्हणा. किन्शासा हे कपड्यांचं वेड असलेलं शहर आहे. तिथले सापेर सूट-बुटाच्या नीटनेटकेपणासाठी ओळखले जातात आणि बाया लिपुता, म्हणजे रंगीत छापील कापड, गुंडाळतात. इतवारीतून आणलेलं सुती छापील कापड कमरेला बांधलं तरी झालं. स्वयंसेवकांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा: पाहुण्याच्या केसांना हात लावायचा नाही, रंगावरून गंमत नाही, आणि 'हबशी' हा शब्द प्रेमानेही नाही.

डब्याचं वाद्य

मुलं आणि बुजरी माणसं नाचाला उठत नाहीत. त्यांच्यासाठी बाजूला एक टेबल ठेवा. बेंदा बिलीलीत रॉजर लांदू नावाचा मुलगा सातोंगे वाजवायचा: एक डबा, एक वाकवलेली काठी, एक तार. पाहताच टुणटुण्याची आठवण येते, आणि तेच सांगून सुरुवात करा.

दुधाच्या पावडरचा अर्धा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. तोंडाची कड चिमट्याने आत दाबून घ्या, नाहीतर पहिली पाच मिनिटं बँडेजमध्ये जातात. तळाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडा. गिटारची ०.०१६ इंची साधी पोलादी तार आतून ओवा, तिचा गोळा आत अडकतो. भोक मोठं झालं तर आत वायसर घाला. साठ सेंटिमीटरची, अंगठ्याएवढी रुंद बांबूची कामटी रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडी वाकवाल तर गाठीपाशी कडकन मोडेल. कामटीचं खालचं टोक डब्याच्या बाजूला दोन बोल्टांनी पक्कं करा, वरच्या टोकाला खाच पाडून तार ओढून गुंडाळा. कामटी धनुष्यासारखी वाकलेली राहिली पाहिजे. बोटाने तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने कामटी आणखी वाकवायची किंवा सैल सोडायची. ताण बदलला की सूर बदलतो. तारेत पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागायला वेळ जातो, म्हणून लहानांना आधी दोनच सूर द्या. तार ओढताना चेहरा बाजूला ठेवायला सांगा.

अतालाकूचा खुळखुळा मूळचा कीटकनाशकाच्या फवारणीच्या डब्यापासून केलेला. तसला डबा कापायच्या फंदात पडू नका, आतला दाब आणि विष दोन्ही वाईट. बिस्किटाच्या छोट्या डब्यात दोन मुठी ज्वारी घातली की भरदार आवाज येतो. तांदळाचा आवाज बारीक येतो आणि हॉलमध्ये हरवतो.

साउंडवाल्याला काय सांगायचं

शंभर माणसांच्या हॉलला बारा इंची दोन टॉप स्पीकर आणि एक अठरा इंची सब (बासचा स्पीकर) पुरे. वरातीतला डीजेवाला सवयीने बास वर चढवतो आणि गिटारी गडप होतात. सेबेनमध्ये पाय गिटारीच्या मागे जातात, ड्रमच्या नव्हे. आधी गिटारी स्पष्ट ऐकू येतील इतपत वर, मग बास. गाणी व्हॉट्सॲपवरून आलेली नकोत, दाबलेल्या फाइलमध्ये गिटारींचा चिखल होतो. आणि गाणं पूर्ण लांबीचं घ्या. ऑनलाइन फिरणारे बरेच तुकडे थेट सेबेनपासून सुरू होतात, म्हणजे ज्या भागासाठी आपण हा खटाटोप केला तोच गायब. लाइट गेली तर स्पीकर बंद पडणारच, तेव्हा टाळ्या आणि डबे चालू ठेवायचे, हे आधीच ठरलेलं असू द्या.

जोड

दोन तास धरा. लोक येतायत तेव्हा संथ गाणं चालू. पहिली पंचवीस मिनिटं बसून ऐकणं, पडद्यावर एकावेळी चारच ओळींचा मराठी अर्थ. अर्थ लिंगाला जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. ऑनलाइन भाषांतरं बहुधा फ्रेंचमार्गे येतात आणि टोमणे सरळ करून टाकतात. मग क्लावे, नाच, डबे. शेवटची पस्तीस मिनिटं राखून ठेवा.

त्या पस्तीसातली पहिली दहा म्हणजे जोड. लोक अजून उभेच असतात, दमलेले असतात, पण अजून नाचायचंय हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते थांबतात. दिवे थोडे मंद, संथ गाण्याचा शेवटचा भाग हळू आवाजात. एकच माणूस बोलतो, चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. हातात एक उघडलेला जुना फोन, बॅटरी वेगळी काढलेली. कोलवेझी कुठे, कोबाल्ट कशाला, खणातला फोन का वाया जातो. मग विचारा: 'घरी बंद फोन कोणाकडे आहे?' हात वर होतात. एका घरात तीन-तीन निघतात. शेवटी तारीख आणि जागा सांगा, अतालाकूला माईक द्या आणि गाणं सेबेनवर आणा. आता जे हातवारे आणि टाळ्या होतील त्यांवर 'जुना फोन काढा' बसलेलंच असेल. मंत्री, अध्यक्ष, आभार हे सगळं सुरुवातीच्या पंचवीस मिनिटांत उरकून घ्या. जोडात कोणालाही शिरू देऊ नका, अगदी निधी देणाऱ्यालाही.

त्यानंतरचे तीन आठवडे

पेटी कार्यक्रमाच्या दिवशी नुसती दाखवायला. खरी पेटी तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठरल्या जागी, शक्यतो वाचनालयात किंवा किराणा दुकानात, जिथे लोक तसेही जातात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा आणि नेल्याची लेखी पावती घ्या. भंगारवाल्याला दिलं तर बोर्ड ॲसिडमध्ये जातो किंवा जाळला जातो, आणि आपली हाक खोटी ठरते.

पेटीवर चिकटवा: सिम आणि कार्ड काढा, माहिती पुसा. फुगलेली बॅटरी पेटीत टाकायची नाही. ती दाबायची, टोचायची नाही, वेगळ्या पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवायची. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी. पेटी उन्हात ठेवू नका. नागपूरच्या उन्हाला डिसेंबरातही काचेमागे भरवसा नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी फोन मोजा. किती लोक आले होते त्याच्याशी तुलना करा आणि आकडा जसा असेल तसा काचेवर लावा. तीनशे लोक नाचले आणि अकरा फोन आले तर 'अकरा' लिहा. बहुधा जोडाच्या दहा मिनिटांत कोणीतरी पंधरा मिनिटं बोललेलं असतं, किंवा पेटी लोकांच्या वाटेवर नसते. दोन्ही पुढच्या खेपेला दुरुस्त होतात. तोच आकडा, पावतीचा फोटो आणि हाकेचं रेकॉर्डिंग काँगोच्या पाहुण्याला पाठवा, मराठी शब्दांचा अर्थ लिहून. 'जुना फोन काढा'ची लिंगाला हाक तो पाच घावांत बसवून पाठवेल, तर पुढच्या कार्यक्रमाची सुरुवात तिनेच करा.